‘आणि’ आणि ‘किंवा’

दांडिया बाजारात कुमुदमावशीकडे
दर हळदीकुंकवाला तोच प्रश्न, बत्ताशाबरोबर:
“इंग्रजीत एम.ए. म्हणजे पुढे नक्की काय?”

पुढे अलकापुरी, मावशी.
मोबाईलच्या दुकानावर दुसरा मजला,
एसी फक्त पालक येतात तेव्हा.
कॅनडाला निघालेल्या बारा मुलांना मी शिकवते
एका अविस्मरणीय प्रवासाबद्दल
दोन मिनिटं न थांबता बोलायला.
त्यातली नऊ आणंदच्या पलीकडे गेलेली नाहीत.
महिना चौदा हजार. दिवाळीला मिक्सर.

तन्मयने वाघोडियाला मेकॅनिकल केलं,
हालोलला शिफ्ट करतो, बुलेटचे हप्ते फेडतो.
त्याला कुणी विचारत नाही
बेअरिंग शिकून तू कोण झालास.

मी विचारते, खरं तर, स्वतःलाच,
रात्री रिक्षासाठी सुट्टे मोजताना.
फॅकल्टीच्या त्या घुमटाखाली पाच वर्षं काय केलं?
एका कवितेतल्या स्वल्पविरामावर
अख्खा मंगळवार घालवला.
बाहेर फॉर्म भरायची रांग, वर कबुतरं,
आणि पस्ताकिया मॅडम चष्मा पुसत:
“घाई कसली? वाक्य काय पळून चाललंय?”

क्लासात झाडू-पाणी करणाऱ्या समजुबेननी
एका शनिवारी पदराखालून पत्र काढलं.
मोतीभाई मकरपुऱ्याच्या काचकारखान्यातून घरी आले
आणि ताट वाढायच्या आत गेले,
त्याला सात महिने झाले होते.
“बेन, आमां शुं लखेलुं छे?”

गुळगुळीत कागद, सभ्य इंग्रजी. मराठीत साधारण असं:
मयतास आजाराची माहिती होती किंवा त्याने तो लपवला,
सबब दावा नाकारण्यात येत आहे.

नाकारण्यात येत आहे.
कोण नाकारतंय?
कर्मणी प्रयोगात माणसं अशी अलगद नाहीशी होतात,
मागे फक्त शिक्का उरतो.

मी पॉलिसी मागितली.
बत्तीस पानं, मुंगीएवढी अक्षरं.
विश्वामित्रीत मगरी पडून असतात ना, चिखलाच्याच रंगाच्या,
पुलावरून बघणाऱ्याला दगड वाटाव्यात,
तशी कलमं.
मी घाई केली नाही.
एकोणिसाव्या पानावर एक हललं:
माहिती होती आणि लपवला.

आणि.
पत्रात किंवा.

मग सातवं पान, एजंटने भरलेला फॉर्म,
समासात डॉक्टरचं तिरपं अक्षर: शुगर, गोळी चालू.
माहिती होती.
लपवला नव्हता.

त्या रात्री अर्ज लिहिला. लहान लहान वाक्यं,
प्रत्येकात कर्ता.
खाली समजुबेननी सही केली,
जीभ दातांत धरून, चार मिनिटं लावून.

लगेच न्याय झाला असं लिहायला मला आवडलं असतं.
अकरा महिने गेले, अहमदाबादच्या तीन फेऱ्या,
त्यातल्या दोन बिनपगारी.
पैसे आले, अर्ध्याहून थोडे जास्त.
उरलेल्यांबद्दल परवा नवीन पत्र आलंय, तीन पानी.

ते घेऊन समजुबेनची जागृती आली,
हातात सेव-उसळीचा डबा,
बारावीचा निकाल गेल्याच आठवड्यातला.
“दीदी, मी पण तुमचंच घेऊ? आर्ट्स?”

मला चौदा हजार आठवले. मिक्सर आठवला,
त्याचं झाकण महिन्याभरात तडकलं होतं.
मी हो म्हटलं नाही. नाहीसुद्धा म्हटलं नाही.
पत्र तिच्यापुढे सरकवलं. म्हटलं, बस, वाच.

उसळ गार होत होती.
तिने ओळीखाली बोट धरलं,
अडखळत, ओठ हलवत,
आणि पहिल्याच वाक्यावर थांबली.

“आ कोण बोले छे?”