गोपनीय अहवाल, दफेदाराच्या हातचा

सहा महिने भरले.
सभागृहात सकाळपासून मॅडमचं मोजमाप सुरू हाये.
दारं बंद. आतून बाकं बडवल्याचा आवाज येते,
मग कोणीतरी शेर म्हणते, मग हशा.
मी बाहेर, स्टुलावर, लाल पट्टा सावरत.
आस्थापनाच्या गेडाम बाबूनं एक कोरा फॉर्म देल्ला मले,
म्हणे, चंद्रभान, तूबी भर.
तू तं अकरा आयुक्त पाह्यले.

बारा, मी म्हटलं.
एक तीनच दिवस होता.
त्याची पाटी रंगवल्याचं बिल अजून फिरून राह्यलं.

वक्तशीरपणा.
नऊ पंचावन्नले गाडी पोर्चमध्ये.
पहिल्याच आठवड्यात लेखा विभागात गेल्या,
पंखे चालू, कूलर चालू, खुर्च्या रिकाम्या.
त्यातल्या एका खुर्चीवर बसल्या
अन् येणाऱ्याजाणाऱ्याचे अर्ज घेत राह्यल्या.
सव्वाअकराले देशकर बाबू आले, पान चघळत.
आपल्याच खुर्चीपुढं उभं राहून म्हणे,
बाई, काय काम हाये तुमचं?
आता ते साडेनऊले येतात.
चिडून येतात, पण येतात.

निर्णयक्षमता.
इथं माहा पेन अडकला.
गोकुळपेठेतला रस्ता एका रात्रीत मोकळा केला.
चांगला दिसते, खोटं कायले बोलू.
माह्या साळ्याच्या पोराचा, प्रफुल्लचा, ठेला होता तिथं.
तर्री अशी, का मोठमोठे डॉक्टर डबा घेऊन रांगेत.
ठेला गोदामात पडला हाये. पावती क्रमांक ३१७.
तो आता बुटीबोरीले पहारा देते, रात्रपाळी.
मी रोज मॅडमच्या दाराचा पडदा सरकवतो
अन् ते ३१७ माह्या खिशात असते.
एक डाव तोंड उघडलं.
त्या म्हणाल्या, बोला.
मी म्हटलं, चहा आणू?
हे कोणाच्या खात्यात लिहायचं,
त्यांच्या का माह्या,
फॉर्मात तसं काई छापलं नाई.

जनसंपर्क.
मे महिना. सेहेचाळीस डिग्री. डांबर चपलेले चिकटे.
कळमन्याच्या मागच्या वस्तीत, टँकरच्या रांगेत,
तोंडाले दुपट्टा बांधून उभ्या राह्यल्या.
मागची बाई खेकसली, तुहा डबा कुठी हाये वं?
डबा नव्हता.
तीन तास टँकर आला नाई.
रजिस्टरात तो दोनदा येऊन गेल्ता.
दुसऱ्या दिवशी चौघं निलंबित. तिसऱ्या दिवशी पाणी.
पंधराव्या दिवशी त्यातले दोघं परत कामावर,
वरून फोन होता.
त्या दिवशी मॅडम जेवल्या नाईत.
डबा मीच धुतला, भरलेला.

आता जे रकान्यात बसत नाई ते.
आल्या त्या दिवशी, बॅग ठेवायच्या आधी, विचारलं,
चंद्रभान, तुमच्या घरी नळ किती वेळ येतो?
बारा साहेबांनी माहं नाव विचारलं होतं,
नळ कोणीच नाई.
मी म्हटलं, चाळीस मिनिटं. पण कवा, ते त्याचं त्याले माहीत.
सिंधू रात्री दोनले उठे, साडेतीनले उठे,
तोटी उघडून कान लावे, दवाखान्यातल्या नर्ससारखी.

नळ अजूनबी चाळीसच मिनिटं येते.
पण पावणेसहाले.
रोज, पावणेसहाले.
अन् सिंधू झोपते.
लग्नाले बावीस वर्षं झाली,
बाई घोरते, हे मले यंदा समजलं.

दारं उघडली.
नगरसेवक चहाकडं पांगले. कोणी म्हणे नापास,
कोणी म्हणे, बदलीच होऊन राह्यली, निकाल कायले पाह्यता.
मागून मॅडम आल्या, फायली छातीशी धरून, घामेजलेल्या.
थांबल्या.
काय लिहून राह्यले, चंद्रभान?
राह्यले म्हणाल्या. सहा महिन्यांत एवढं तं शिकल्या.

श्रेणीचा रकाना कोराच होता.
फॉर्मची घडी करून मी स्टुलाखाली सारली
अन् खिशातून पावती काढली.
चहाचं नाव घेतलं नाई.