हँडब्रेक

स्विफ्ट करंट मागे पडलं की रस्त्याला वळण ठाऊकच नाही.
कॉरिन म्हणाली, स्टिअरिंग बांधून ठेव आणि झोप काढ जरा.
दोन्ही अंगांना कापून झालेला गहू,
धान्याचं एक उंच कोठार, जे तासभर
जवळ येत राहिलं, आणि आलं नाही.

पत्र जूनमध्येच आलं होतं. पत्र म्हणजे काय,
आर्डिथच्या अक्षरातल्या चार ओळी:
येणार असाल तर या वर्षी या.
'या वर्षी'खाली रेघ नव्हती.
कॉरिनने ती नखाने ओढली.

आमचं विंचवासारखं, बिऱ्हाड पाठीवर.
दोन ताटल्या, दोन मग, नळ सोडला की कण्हणारा पंप,
आणि ब्रेक मारला की कपाटातून उडी घेणारा
मक्याच्या दाण्यांचा तोच एक डबा.
हे सगळं त्यांच्या अंगणात नेऊन उभं केलं,
टपालपेटीला जरा धक्का देऊन.

लायल बाहेर आला. आधी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"अजून तसाच चालवतोस," म्हणाला.
म्हणजे ओळखलं.
कॉरिनने आणि मी एकमेकांकडे पाहिलं नाही,
पाहिलं असतं तर त्याला कळलं असतं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर आली,
केशरी, पन्नास फुटी,
त्यांच्या घरची वीज आमच्या घरात.
आर्डिथने वरच्या खोलीत पलंग घातला होता, नव्या चादरी.
नको म्हटलं आम्ही. रागावली.
मग रात्री नऊला सपाता घालून स्वतःच आली,
आमच्या टीचभर टेबलाशी बसली, म्हणाली,
इथं बरं आहे. इथून माझं घर दुसऱ्या कुणाचं वाटतं.
आणि रडली,
कप विसळायला लागतो तेवढाच वेळ.

मे महिन्यात लायसन्स काढून घेतलं त्याचं.
एकतीस वर्षं धान्याचा ट्रक, बर्फातसुद्धा.
सत्तर किलोमीटरवरच्या डॉक्टरने
कागदावर घड्याळ काढायला सांगितलं.
त्याने गोल छान काढला.
काटे काढले नाहीत.
"किती वाजलेत ते सांगितलंच नाही त्याने,"
लायल अजून सांगतो. मला पटतं.

दुसऱ्या पहाटे गाडी हलली. झोपेत वाटलं, वारा.
पाहतो तर पुढच्या सीटवर लायल,
पायजम्यावर कोट, हात स्टिअरिंगवर, दहा आणि दोनवर.
किल्ली माझ्या उशीखाली होती. तपासली मी, कबूल करतो.
शेजारी जाऊन बसलो. मांडीवर नकाशा उघडला.
"कुठे?"
"आधी हँडब्रेक," तो म्हणाला. "ओढलेला आहे तुझा."
चाकांखाली फळ्या होत्या, तरी मी सोडला नाही.
"सोडला," म्हटलं.
त्याने पाहिलं माझ्याकडे,
उसने पैसे न फेडलेल्या जुन्या मित्राकडे पाहतात तसं.
मग आरशात पाहिलं. निघालो.

रेल्वे फाटक. थांबला. मालगाडी जाऊ दिली,
एकशे बारा डबे, मोजले त्याने तोंडातल्या तोंडात.
सरळ गेलं की मूस जॉ, उजवीकडे त्याच्या भावाचं शेत.
भाऊ जाऊन पंधरा वर्षं झाली. उजवीकडे वळलो.

स्वयंपाकघरात दिवा लागला.
आर्डिथ खिडकीशी आली, आम्हाला पाहिलं, हात हलवला.
या म्हणाली की जा,
कळलं नाही. लायलने हॉर्न दिला.
गावातली तिन्ही कुत्री उठली.

एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै.
तिसऱ्या दिवशी, थोडी अक्कल शिल्लक असतानाच, निघालो.
वायर गुंडाळून दिली. टपालपेटी सरळ केली,
पूर्ण झाली नाही.
गवतावर चाकांचे पिवळे ठसे,
लायल त्यांच्या मधोमध उभा, गाडी अजून तिथेच असल्यासारखा.

अकरा किलोमीटरवर कॉरिन म्हणाली,
फळ्या राहिल्या.
राहू देत, म्हणालो.
गाडी जड चालली होती सकाळपासून.
कसलासा जळका वास.
खाली हात घातला.
अर्धा ओढलेलाच होता.