घरभेटीची वही

मंडळीने ऐरोलीत दिलेल्या खोल्यांत
दोन खाटा, एक पंखा आणि कुणाचं तरी जुनं कॅलेंडर होतं.
यांनी आधी कॅलेंडर उतरवलं,
मग खिळ्याकडे बघत राहिले.
खिळा चांगलाय, म्हणाले.
आता त्यावर यांची छत्री असते.

राहुरीकडच्या वस्त्यांवर चाळीस वर्षं
फटफटीवर यांच्या मागे बसून हिंडले.
इथे लिफ्टमध्ये शेजारी उभी राहते
आणि दोघंही दाराकडे बघतो,
साहेबाने बोलावल्यासारखे.

पहाटे हे मोठ्याने वचन वाचतात.
भिंतीपलीकडे कुकर शिट्टी देतो,
हे थांबतात,
शिट्टी संपली की चुकलेल्या मुलासारखी
तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून.
मी मेथी निवडते. कान तिकडेच असतात, पण मेथी निवडते.

दुपारी वही निघते.
रबाळ्याच्या कुठल्या कारखान्याने दिवाळीत वाटलेली,
आतल्या पानावर पंपाचं चित्र.
तारीख, घर, माणसं, वचन कोणतं, प्रार्थना झाली की नाही:
यांचं अक्षर अजून फळ्यावरचं.

कोपरखैरण्याच्या त्या वरच्या मजल्यावर
बेल वाजवली की आतला टीव्ही बंद होतो.
चपला चार जोड बाहेर.
आम्ही जिन्यात श्वास घेतो, उतरतो.
वहीत: "घरी नव्हते."
तेवढं खोटं यांना चालतं.

दिवे गावात हेमराज उजागरे पायाला पट्टी बांधून बसलेला,
दारातून खाडीचा वास.
साखरेचं बोलू द्यायचं नाही, कापायचंय ते बोलायचं नाही,
मग गेला तासभर वाळत घातलेल्या बोंबलांवर.
निघताना म्हणाला, सर, तेवढी प्रार्थना राहिली.
हे पुन्हा चपला काढून आत.

बसमध्ये कंडक्टर विचारतो, ज्येष्ठ?
हे म्हणतात, ही ज्येष्ठ, मला पूर्ण द्या.
मी खिडकीबाहेर बघून हसते.

या रविवारी घणसोलीला, प्रिस्का रणपिसेकडे.
नवरा टँकरवर, पोर चार महिन्यांचं,
तिचे केस आठवड्याचे, एका रबरात कोंबलेले.
यांनी पुस्तक उघडलं, चष्मा पुसला.
ती म्हणाली, सर, नको आज.
आणि माझ्याकडे वळून,
मावशी, याला जरा धराल?

धरलं.
आत बादलीत पाणी पडायला लागलं.
हे पुस्तकात बोट घालून बसलेले,
पाण्याचा आवाज थांबला की वर बघायचे,
पुन्हा सुरू झाला की खाली.
पोर माझ्या खांद्यावर आधी रडलं, मग ओकलं,
मग इतकं जड झालं की कळलं, झोपलं.
ती बाहेर आली तेव्हा
डोक्याला टॉवेल, डोळे लाल,
साबणाने असतील.
कुणी काही विचारलं नाही.
तिने चहा टाकला, साखर विसरली,
यांनी बिनसाखरेचा पूर्ण प्यायला.

रात्री मस्कतहून अमोघचा फोन.
आम्ही धरला की त्याला नेहमी आमची कपाळंच दिसतात.
आई, खाली घे जरा. हां. खांद्यावर काय सांडलंय?
दूध, म्हटलं.
कुणाचं?
सांगत बसले नाही.
त्याचा धाकटा या वर्षी चालायला लागला,
मी त्याला अजून उचललेला नाही.

नंतर वही.
घणसोली. रणपिसे. माता व बालक.
वचनाच्या रकान्यात रेघ.
"प्रार्थना झाली नाही," यांनी लिहिलं, टोपण लावलं.
मी म्हटलं, लिहा, केस धुतले.
असं कसं लिहायचं?
जसं झालं तसं.

बराच वेळ पंखा ऐकत बसले.
मग टोपण काढलं,
आधीचं खोडलं नाही,
त्याच ओळीत पुढे लिहिलं, केस धुतले.
आणि शाळेतल्या सवयीने, कोपऱ्यात बारीक,
वेळ: चाळीस मिनिटे.