शकेल

जानेवारीत निघताना ऑर्व्हिलनं गाडीत ठेवलं:
फावडं, घोंगडी, मेणबत्त्या, वाळूचं एक पोतं.
कायदे करायला निघालेल्या बाईचं सामान.
बिस्मार्क दोनशे दहा मैल. वाटेत तीन गावं,
त्यातल्या एकात आता नुसतं धान्याचं कोठार उभं.

मोटेलची खोली चार महिन्यांच्या बोलीनं.
सकाळी सातला समिती. आज जलवाहिन्यांची हद्द,
उद्या मधमाश्यांच्या पेट्यांची नोंदणी,
परवा केशकर्तनाचे परवाने,
ज्यातलं मला काय कळतं? माझे केस मीच कापते.
तरी बटण दाबायचं.
हिरवं किंवा लाल. तिसरं नसतं.

माझं स्वतःचं विधेयक एकच. तेराशे अठरा.
आमच्या काउंटीत एक रुग्णवाहिका, चालवणारे तिघं,
तिघांचं वय मिळून एकशे नव्याण्णव.
ग्लेनिस रात्रीची नको म्हणते, समोरचे दिवे फुटल्यासारखे दिसतात.
नोव्हेंबरात एल्डन ट्वेट मळणीयंत्राखाली सापडला
तेव्हा गाडी पोचायला एक्कावन्न मिनिटं लागली.

साक्षीला त्याची बायको आली होती. रोझेला.
तीन मिनिटं मिळाली. कागद आणला नव्हता.
म्हणाली, मी त्याच्याशी बोलत राहिले.
बोलणं संपलं तेव्हा खिशातली किराण्याची यादी
वाचून दाखवली. मैदा. बॅटऱ्या. मांजराचं खाणं.
कुणी प्रश्न विचारला नाही.
अध्यक्षांनी आभार मानले. पुढचं विधेयक मधमाश्यांचं.

मी लिहिलं होतं: राज्य अनुदान देईल.
दुपारी कॅन्टीनमध्ये अध्यक्ष स्वतः ट्रे घेऊन आले.
भला माणूस. माझ्यासाठी पायचा तुकडाही आणला.
‘मार्लिस, पाच मतं कमी पडताहेत. एक शब्द सैल करू या.’
आणि रुमालावर पेन्सिलीनं लिहिलं:
राज्य अनुदान देऊ शकेल.

आमच्या घरी कुणी ‘गायी सोडू शकेन’ म्हणत नसे.
सोडते म्हणायचं, आणि उठायचं.
मी पाय खाल्ला. चेरीचा होता. चांगला होता.

रात्री अडीचला फोन. गोठ्यातून.
ऑर्व्हिलचा श्वास, मागे वाऱ्यानं आपटणारा पत्रा.
वासरू उलटं. डॉक्टर दीड तासावर.
मी अंधारात, मोटेलच्या पलंगावर, हात हवेत धरून सांगत होते:
खुराला ओंजळीत घे, आत ढकल, आता वळव, हळू.
तो म्हणाला, माझा पंजा मोठा आहे, मार्लिस,
तुझा हात हवा होता.
मग फोन खाली पडला असावा.
सकाळी निरोप: गाय वाचली.
एवढाच. मी पुन्हा वाचला, पुढे काही नव्हतं.

नऊ वाजता त्याच हातानं हिरवं बटण.
फलकावर एकाहत्तर विरुद्ध बावीस.
शेजारच्या बाकावरच्यानं पाठ थोपटली.
शहराकडचे एक जण म्हणाले, ‘ग्रामीण भागाचा विजय’;
त्यांच्या पत्रकात ते वाक्य आधीच छापलेलं होतं.

शुक्रवारी घरी. वाटेत हिमवादळ नाही, नुसता चिखल.
गावातल्या कॅफेत रोझेला कॉफी ओतते हल्ली.
माझा कप अर्धा भरून थांबली.
‘मग? आता वेळेत येईल?’

मला तो शब्द तोंडात आणवेना.
म्हटलं, एप्रिल संपू दे,
मंगळवार आणि शुक्रवारची रात्र माझ्या नावावर लावा.
मला गाडी चालवता येते.

मागच्या टेबलावरून ग्लेनिस हसली,
चष्मा पुसत, अगदी प्रेमानं:
‘नुसती चालवून भागत नाही, बाई. प्रमाणपत्र लागतं.
एकशे वीस तासांचं. तेही फक्त बिस्मार्कला.
कायदाच आहे तसा, चार वर्षं झाली.’

हो.
आठवला मला. गुरुवार होता,
मतदान जेवणाच्या सुट्टीआधी उरकलं होतं.
मी हिरवं दाबलं होतं.