काय म्हणतंय?

पहाटे साडेपाचला निघतो आम्ही अक्कलकोट रोडवरून.
गाडी मी चालवते. नाना मागे,
गळ्यात दुर्बीण, मांडीवर वही,
अंगावर आमच्याच मागावरची चादर,
एका कडेला नक्षी चुकलेली, म्हणून घरीच राहिलेली.

एकतीस वर्षं पॉवरलूमवर.
माग भंगारात गेला तेव्हा कान आधीच गेले होते.
डोळे राहिले,
दोन हजार ताण्यांतला तुटलेला एक धागा
चालता चालता हेरणारे.
हिप्परग्याच्या काठावर माझ्या काचेवरचं धुकं पुसून होईपर्यंत
त्यांनी पाणगवतातली हळदीकुंकू बदकं मोजलेली असतात.
"अकरा. एक लंगडतंय."

वाटणी ठरलेली आहे.
ते बघतात, मी ऐकते.
मग मनगटावर दोन बोटांनी ठोकतात :
एमंटुंदि?
काय म्हणतंय?

आधी मला सांगताच यायचं नाही.
गोड, बारीक, कर्कश, असलं काहीबाही.
"हे तर पुस्तकात पण आहे," नाना म्हणायचे.

आता सांगते.
टिटवी : धोटा अडकलाय आणि मुकादम समोर उभा आहे.
तांबट : आपल्या बोळातला पत्रेवाला, जेवायच्या सुट्टीआधी.
चंडोल : बॉबिन हातातून सुटली, सूत वर वर वर, खाली येतच नाही.
दयाळ : अम्मा बिडीचं पान कातरताना गुणगुणायची ना,
तेच, पण ह्याला पुढची ओळ आठवते.

यावर ते हसले.
किती मोठ्यानं हसतात ते त्यांना कळत नाही.
कंबर तलावावरचे सगळे पाणकावळे उडाले,
फिरायला आलेले दोन वकील थांबून बघू लागले,
जलपर्णी ओढणाऱ्या पोरानं बांबू तसाच धरून ठेवला.
"आज पाखरं बुजरी आहेत," नाना म्हणाले
आणि वहीत लिहूनही टाकलं.

वही कारखान्यातलीच. रकाने छापलेले :
तारीख. माल. नग. मीटर. खोट.
नगाखाली किती, मीटरखाली किती लांब,
खोटीखाली बहुतेक "ऊन डोळ्यांवर" किंवा "कुत्रं आलं".

श्रावणात नान्नजला गेलो.
गवत गुडघ्याएवढं, वारा त्यातून हात फिरवत जाणारा.
वनरक्षक बिराजदार म्हणाले, बघा,
मी रोज येतो, मलाच दिसून दोन वर्षं झाली.
आम्ही बसलो.
काळवीट दिसले, धाविक दिसला, कापशी घार
एका जागी हवेत टांगल्यासारखी.
माळढोक नाही.
नाना माळ असा वाचत होते
जसा ठाण उलगडून उजेडापुढे धरतात,
एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, परत पहिल्यापासून.

नऊ वाजून गेले असतील.
आणि मग, खूप लांबून, एक हुंकार.
खोल. एकदाच.
मी मान वळवली असणार,
कारण मनगटावर बोटं आली. एमंटुंदि?

बार्शीच्या रस्त्यावर ट्रक असतात.
विहिरींवर मोटारी असतात.
मी पुन्हा ऐकलं. काही नाही, फक्त गवत.

"भोंगा," मी त्यांच्या तोंडासमोर ओठ हलवून सांगितलं,
"गिरणीचा. तुम्ही लहान असताना,
झोपेत, चार कोसांवरून."

नानांनी डोळे मिटले.
माळरानावर डोळे मिटलेले त्यांना मी कधी पाहिले नव्हते.
बराच वेळ तसे बसले.
बिराजदारांनी घड्याळ बघितलं आणि मनगट खिशात घातलं.

"ट्रक होता का?"
"असेल."

घरी येऊन वही उघडली.
माल : माळढोक. नग : लिहिलं नाही. मीटर : लिहिलं नाही.
खोट : कान, कुणाचे ते माहीत नाही.
बाकी सगळी वही बॉलपेननं भरली आहे,
ही एक ओळ पेन्सिलनं.
आणि खोडरबर माझ्याकडे सरकवून
ते पाणी तापवायला उठले.