दोन बोटं कमी

शनिवारी सकाळी सात चाळीसची बॅच.
मुलुंडला पालिकेच्या तलावाबाहेर
रांगेत आमचा नंबर अकरावा.
पिशवीत टोपी, टॉवेल, डॉक्टरांचा दाखला, चार केळी.
कॉस्च्यूम पिशवीत नाही.
तो चार्वी गुरुवारपासून
फ्रॉकच्या आत घालूनच झोपते आहे.

फाटकापाशी भिंतीवर रंगवलेला एक मासा,
त्याच्या कल्ल्याजवळ लाल रेघ.
डोकं रेघेच्या वर गेलं तर तलाव,
नाहीतर पलीकडचं कारंज्यांचं अंगण.
भोईर मास्तरांनी तिला माशाला टेकवलं,
उचललेल्या टाचा हळूच खाली दाबल्या,
डोक्यावर फूटपट्टी आडवी धरली.
"दोन बोटं कमी."

"कुणाची बोटं?"
मास्तरांनी आपली जाडजूड बोटं पाहिली,
मग तिची.
"तुझी धरली तर चार होतील गं बाय.
माझीच राहू दे."

कारंज्यांच्या अंगणात
खरखरीत फरशीला सोळा भोकं.
पाणी कुठलं भोक निवडेल, सांगता येत नाही.
मुलं एकेका भोकावर पाय दाबून उभी,
आणि पाणी नेमकं शेजारच्यातून,
चड्डीखालून, पाठीमागून,
एका गोब्र्या मुलाच्या थेट नाकात.
तो रडावं की हसावं ठरवेपर्यंत
दुसऱ्यांदा.

कडेच्या बाकांवर आम्ही कोरडी माणसं.
मांडीवर चष्मे, चपला, कुणाचा तरी पडलेला दात
रुमालात बांधून.
माझ्या डोक्यात बादल्या चालू होत्या.
एक गेली, दोन गेल्या, ही सातवी.
घाटल्याच्या खोलीत आमचा नळ
पहाटे साडेचारला यायचा.
आधी खाकरायचा, मग शिंकायचा,
मग करंगळीएवढी धार.
पाच हंडे, दोन कळशा, एक पिंप.
कळशी भरून वाहिली
तर आई काही बोलायची नाही,
फक्त त्या ओल्या लादीकडे बघायची,
आणि मी फडक्याने ते टिपून
पुन्हा बादलीत पिळायची.

"हे परत खालीच जातं,"
शेजारच्या नफीसाने आपण होऊन सांगितलं.
"गाळून पुन्हा वर. माझा दीर पंपावर आहे."
माझ्या चेहऱ्यावर आकडे दिसत असणार.
मी तिला एक केळं दिलं.

तेवढ्यात पाणी बंद झालं.
सोळाही भोकं एकदम गप्प.
वर झालेले हात तसेच वर,
आणि इतका वेळ ऐकू न आलेला
कुठल्यातरी बुलबुलाचा आवाज.
चार्वी पालथी पडली,
गाल फरशीला, कान भोकाला.
मग ओरडली,
"आई, हा खाकरतोय!"

मी तिला हा शब्द कधी सांगितला नव्हता.

चपला काढल्याचं आठवतं.
पदर खोचला की नाही, आठवत नाही.
गुडघे टेकून मी पण कान लावला.
खाली खरंच कुणीतरी होतं,
घसा साफ करत,
साडेचार वाजल्यासारखं.
मग शिंकलं.

सोळाच्या सोळा उसळली.
नाकात, कानात, ब्लाऊजमध्ये, अंबाड्यात.
नफीसा बाकावरून खिदळत होती,
केळं हातात तसंच.

माझे बदलायचे कपडे नव्हते.
रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.
"मॅडम, सीट भिजेल."
टॉवेलची पिशवी टराटरा उसवून अंथरली,
तिच्यावर आम्ही दोघी चुरचुर आवाज करत
पाचरस्त्यापर्यंत.
"पुढच्या शनिवारी मी किती बोटं असेन?"
"जेव नीट."
"पण किती?"

घरी अर्ध्या बादलीत तिचा कॉस्च्यूम खंगाळला.
ते पाणी लादीसाठी कोपऱ्यात ठेवलं,
सवयीनं, वर झाकण.
केस पुसून वळले तर
झाकण जमिनीवर,
आणि चार्वी बादलीत उभी,
फ्रॉक दोन्ही हातांनी वर धरून,
खाली बघत, अजिबात न हलता.
"शू," म्हणाली.
"येईल आता."