लाल टाके

गादीला दिशा नसते.
बत्तीस वर्षं हेच सांगतोय गिऱ्हाइकाला,
मानवतला, मोंढ्यामागच्या बोळात,
जिथं शिंकलं तरी कापूस उडतो.
तरी माप देऊन झालं की दारातून मागं वळून
हळूच विचारतातच,
उशाकडची बाजू कोणती धरायची, हुसेनभाई?

म्हणून एका कडेला लाल दोऱ्याचे तीन टाके घालून देतो.
इकडं डोकं. ही कड पूर्वेला, नाहीतर दक्षिणेला.
उत्तरेला नको.
पाय दक्षिणेला गेले की यमाला वाटतं,
हा तर तयारच पडलाय.
आढ्याखाली नको, उंबऱ्याकडं पाय नको,
देवाच्या भिंतीला तळवे नकोत,
आरशात अंथरूण दिसायला नको.
दहा बाय बाराच्या खोलीत एवढं सगळं टाळायचं
तर माणसानं उभ्यानंच झोपावं.

पाच-सहा वर्षांनी तीच गादी
पिंजायला परत येते.
खोळ उसवायच्या आधी मी तेलाचा डाग शोधतो.
खोबरेलाला पंचांग वाचता येत नाही.
नांदापूरकर वकिलांचा डाग निघाला
लाल टाक्यांच्या बरोब्बर उलट्या टोकाला.
वकीलसाहेब, हे कसं?
कूलर तिकडं आहे ना, म्हणाले,
आणि फाईल उघडून बसले.
खरंय. मे महिन्यात आमच्याकडं एकच दिशा उरते,
खिडकीतल्या कूलरची.
लाईट गेली की तीही जाते.
मग गच्ची, आणि डास ढकलतील तिकडं डोकं.

लोमटे गुरुजी मात्र पक्के.
पलंगाखाली फरशीवर खडूनं बाण काढलेला.
झाडूनं पुसला की पुन्हा काढायचे,
चाळीस वर्षं फळ्यावर तारीख घालावी तसा.
ते गेले तेव्हा त्यांना खाली घेतलं
त्याच फरशीवर,
डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला,
बाणाच्या उलट.
खडू कुणी पुसला नव्हता. मी बघितला.

यंदा होळीच्या आसपास काकूंनी गादी पाठवली,
मागोमाग स्वतः आल्या,
सरकीच्या पोत्यावर टेकल्या.
गुरुजींचा खळगा उजवीकडं, अजून तसाच,
डाग लाल टाक्यांपाशी.
डावीकडं काकूंचा.
तिथं डाग दोन.
एक जुना, पिवळा पडलेला, गुरुजींच्या बरोबरीचा.
दुसरा पायथ्याला, ताजा,
वासावरनं कळावा असा.

बघितलंत का?
बघितलं, काकू.
वर्ष झालं, म्हणाल्या.
तिकडून खिडकीतला लिंब दिसतो.
सत्तेचाळीस वर्षं भिंत बघितली मी,
त्या भिंतीचे पोपडेसुद्धा पाठ आहेत.
आणि यम आलाच
तर त्याला मला फिरवायचे कष्ट नकोत.
स्वतःच हसल्या. पदरावरचा कापूस टिपत बसल्या.

माझंही डोकं उत्तरेलाच असतं, मी म्हणालो.
लहानपणी अब्बा झोपेत हातानं वळवायचे,
उजव्या कुशीवर, तोंड पश्चिमेला,
कबरीत जसं ठेवतात तसं.
आत्ताच सवय असू दे म्हणायचे.
काकूंनी चष्म्यावरून बघितलं.
मग? काही होत नाही तुम्हाला?
पाठ धरते, म्हटलं. दिवसभर वाकून.

मशीन सुरू केलं. अब्बांची कमान
भिंतीवर नुसती थरथरली.
सत्तेचाळीस वर्षांचे दोन खळगे
एकाच ढिगात भुरभुरत पडले,
आता कुणाचा कुठला, मलाही सांगता येणार नाही.

खोळ शिवताना विचारलं, टाके कुठं घालू?
बराच वेळ बोलल्या नाहीत.
दोन्हीकडं घाला, म्हणाल्या.
सून येते दिवाळीला. तिला दाखवायला
एक बाजू लागेल.

संध्याकाळी पोरानं गादी हातगाड्यावर घातली.
बोळाच्या तोंडाशी म्हैस आडवी बसलेली,
म्हणून गाडा आधी डावीकडं, मग मागं,
मग पुरा गर्रकन फिरवून घेतला त्यानं.
काकू मागं चालत होत्या,
एक हात गादीवर ठेवून,
घसरू नये म्हणून.